जर्नलला पेपर पाठवायचाय? मग रेफरन्सेस असे लावा

पेपर लिहून झाला, गाईडनी हो म्हटलं, टेबलं बसली, आकृत्या बसल्या, आणि मग "आता फक्त रेफरन्सेस राहिलेत मॅडम" असं म्हणत मुलं लायब्ररीत येतात. ते "फक्त" ऐकलं की मला काळजी वाटते, कारण तेच काम बऱ्याचदा सगळ्यात जास्त दिवस खातं, आणि नीट नाही झालं तर पेपर रिव्ह्यूला जायच्या आधीच परत येतो. मी नाशिकला कॉलेजच्या लायब्ररीत असते. माझ्याकडे निफाड-दिंडोरीकडून द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर काम करणारे येतात, फार्मसीवाले येतात, पीजी करणारे डॉक्टर येतात, इंजिनिअरिंगची मुलं येतात, विषय सगळ्यांचे वेगळे पण रेफरन्सचा घोळ मात्र सगळ्यांचा तोच, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रेफरन्समध्ये दोन वेगवेगळी कामं असतात. एक म्हणजे माहिती, कोणी लिहिलं, काय नाव, कुठल्या जर्नलमध्ये, कुठलं वर्ष, खंड, अंक, पानं, डीओआय (म्हणजे त्या पेपरचा ऑनलाईन कायमचा ओळख क्रमांक). दुसरं म्हणजे ती माहिती मांडायची कशी, आधी नाव की आधी आद्याक्षर, वर्ष कंसात की शेवटी, टिंब कुठे आणि स्वल्पविराम कुठे. लोक रात्र-रात्र जागून दुसरं काम हाताने करत बसतात, जे सॉफ्टवेअर मिनिटाभरात करून देतं, आणि पहिल्या कामाकडे बघतच नाहीत, जे कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्या वतीने करणार नाही. माहिती चुकीची असेल तर ती कितीही सुंदर फॉरमॅट केली तरी चुकीचीच राहते ना.

आता सुरुवात कुठून करायची, तर जर्नलच्या वेबसाईटवरून. "इन्स्ट्रक्शन्स टू ऑथर्स" किंवा "गाईड फॉर ऑथर्स" असं पान असतं ते पूर्ण वाचा, वरवर नाही. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: स्टाईल कुठली, जर्नलची नावं पूर्ण लिहायची की शॉर्टमध्ये, आणि रेफरन्सच्या संख्येला मर्यादा आहे का. केस रिपोर्ट किंवा शॉर्ट कम्युनिकेशनला बहुतेक वेळा मर्यादा असते आणि लोक थीसिसमधली अख्खी यादी तिथे ओततात. मग त्याच जर्नलचा अलीकडचा एखादा छापून आलेला पेपर उतरवून घ्या आणि त्याची यादी शेजारी उघडी ठेवा, कारण सूचनांचं पान कधी कधी जुनं राहिलेलं असतं आणि छापलेला पेपर खरं काय चालतं ते दाखवतो. आणखी एक, एल्सेव्हियरसारख्या मोठ्या प्रकाशकांची बरीच जर्नल्स आता पहिल्या सबमिशनला कुठलीही स्टाईल चालवून घेतात, अट एवढीच की सगळीकडे एकसारखी हवी आणि माहिती पूर्ण हवी. तुमच्या जर्नलचं तसं असेल तर स्टाईलसाठी जीव काढू नका, तोच वेळ माहिती तपासायला द्या.

स्टाईली शेकड्याने आहेत पण घराणी मुळात दोनच. एक नंबरवालं, एक नाव-वर्षवालं.

नंबरवाल्यात मेडिकलची मुख्य स्टाईल म्हणजे व्हँकुव्हर. १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात मेडिकल जर्नल्सचे काही संपादक एकत्र बसले आणि लेखकांना प्रत्येक जर्नलसाठी वेगळं टाईप करायला लागू नये म्हणून एकसारखे नियम ठरवले, म्हणून ते नाव. यात मजकुरात पहिल्यांदा जे येईल त्याला १, पुढच्याला २, आणि यादीही त्याच क्रमाने, अकारविल्हे नाही. एकच पेपर पुन्हा आला तर त्याचा जुनाच नंबर द्यायचा. इंजिनिअरिंगवाल्यांची आयट्रिपलई पण नंबरवालीच, ती चौकोनी कंसात असते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची एएमए स्टाईल नंबर वरती छोट्या अक्षरात टाकते, आणि तिथे एक जपायचं, एखाद्या आकड्याला किंवा एककाला लागूनच तो छोटा नंबर आला तर वाचणाऱ्याला तो घात वाटतो, "५ सेमी" च्या डोक्यावर ३ आला की झालं घनसेंटिमीटर. तेव्हा वाक्य थोडं फिरवा आणि नंबर शब्दाजवळ न्या.

नाव-वर्षवाल्यात हार्वर्ड आणि एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची). हार्वर्डचं मूळ हार्वर्ड विद्यापीठातल्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ च्या पेपरपर्यंत नेलं जातं, पण "हार्वर्ड" या नावाखाली एकच अधिकृत नियमावली नाहीये, प्रत्येक जर्नलचं आणि विद्यापीठाचं हार्वर्ड थोडं थोडं वेगळं असतं, त्यामुळे "हार्वर्ड स्टाईल" एवढंच वाचून कामाला लागू नका, नमुना बघा. एपीएची मात्र नियमावली आहे, सध्या सातवी आवृत्ती चालते, ती २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आली. सहावी शिकलेली मंडळी अजून जुने नियम सांगतात, म्हणून फरक सांगते: तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्या वेळेपासूनच पहिलं नाव आणि "एट अल" (म्हणजे "आणि इतर"), यादीत मात्र वीसपर्यंत सगळ्यांची नावं, पुस्तकाला प्रकाशनाचं गाव लिहायचं नाही, आणि डीओआय पूर्ण लिंकसारखा द्यायचा.

एकच पेपर घेऊन दाखवते म्हणजे फरक डोळ्याला दिसेल. रामन आणि कृष्णन यांचा १९२८ चा नेचरमधला पेपर घ्या. व्हँकुव्हरमध्ये तो असा होतो:

रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१(३०४८):५०१-२.

एपीएमध्ये असा:

रामन, सी. व्ही., & कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर, १२१(३०४८), ५०१–५०२.

बघा, व्हँकुव्हरमध्ये आद्याक्षरांना टिंब नाही, मधे जागा नाही, आडनावानंतर स्वल्पविराम नाही, वर्षानंतर अर्धविराम आणि त्याला चिकटून खंड, आणि शेवटचं पान नुसतं २, कारण ५०१ मधले सारखे आकडे परत लिहीत नाहीत. एपीएमध्ये टिंबं आहेत, वर्ष नावांनंतर कंसात आहे, पान पूर्ण ५०२ आहे, जर्नलचं नाव आणि खंड तिरक्या अक्षरात जातात पण अंकाचा कंस सरळच राहतो. आयट्रिपलईमध्ये आद्याक्षरं आडनावाच्या आधी येतात आणि शीर्षक अवतरणचिन्हात जातं. हे सगळं पाठ करायचं नाहीये हं, फक्त सॉफ्टवेअरने काढून दिलेलं बरोबर आहे का ते ओळखता यावं एवढ्यासाठी एकदा नीट बघून घ्या.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मी झोटेरो सांगते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे आणि इंटरनेट नसलं तरी चालतं, जे आमच्याकडे गावाकडून ये-जा करणाऱ्या मुलांसाठी फार महत्त्वाचं आहे. मेंडेले पण फुकट मिळतं, ते २०१३ पासून एल्सेव्हियरकडे आहे. एंडनोटला पैसे पडतात, तुमच्या संस्थेने घेतलं असेल तर खुशाल वापरा. लेटेकमध्ये लिहीत असाल तर बिबटेक आहेच, आणि झोटेरोमधून त्याची फाईलही काढता येते. यातलं कुठलंही घ्या पण एका पेपरला एकच. एका लेखकाने मेंडेलेत घातलेलं आणि दुसऱ्याने झोटेरोत घातलेलं एकाच वर्ड फाईलमध्ये आलं की दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत आणि नंबर दोनदा सुरू होतात. सगळ्या लेखकांनी आधीच बोलून झोटेरोचा एक ग्रुप करावा आणि त्याच लायब्ररीतून सायटेशन घालावं.

झोटेरो लावायचं म्हणजे दोन गोष्टी, एक कॉम्प्युटरवरचा मुख्य प्रोग्राम आणि दुसरं ब्राउजरमधलं कनेक्टर. मुख्य प्रोग्राम टाकला की वर्डमध्ये झोटेरोचा टॅब आपोआप येतो, लिब्रेऑफिसलाही लागतं, गुगल डॉक्सलाही चालतं. पेपरचं पान ब्राउजरमध्ये उघडलं की वरच्या कोपऱ्यातलं कनेक्टरचं बटण दाबा, नोंद तयार. त्याहून भरवशाचा रस्ता म्हणजे जादूच्या कांडीचं चिन्ह असतं तिथे डीओआय टाकायचा, किंवा पबमेड या मेडिकल पेपरांच्या डेटाबेसचा नंबर किंवा पुस्तकाचा आयएसबीएन, आणि एंटर मारायचं. फुकटात साठवायला ३०० एमबी मिळतात, त्यात पीडीएफ भरले तर लवकर संपतात, म्हणून नुसत्या नोंदी सिंक करा आणि पीडीएफ आपल्या पेनड्राईव्हवर किंवा दुसरीकडे ठेवा, नोंदींना ती मर्यादा लागत नाही.

आणि हे काम पेपर वाचला त्याच दिवशी करायचं. लिहिताना "हे कुठेतरी वाचलंय" म्हणून जागा सोडून पुढे गेलात की सहा महिन्यांनी तो पेपर शोधताना जे हाल होतात ते मी रोज बघते.

वर्डमध्ये लिहिताना जिथे दाखला द्यायचाय तिथे कर्सर ठेवून सायटेशन घाला, लेखकाचं नाव टाईप करा, निवडा, झालं. दोन-तीन एकत्र द्यायचे असतील तर त्याच खिडकीत एकापुढे एक निवडा, वेगवेगळे घालून मधे हाताने स्वल्पविराम टाईप करू नका, नाहीतर तीन ते पाच असं एकत्र यायचं ते तीन वेगळ्या कंसांत येतं. सगळं लिहून झालं की शेवटी बिब्लिओग्राफीचं बटण एकदाच दाबायचं. जर्नल बदललं तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्टाईल बदला, अख्खी यादी आणि मजकुरातले सगळे नंबर आपोआप बदलतात. झोटेरोच्या स्टाईल रिपॉझिटरीत दहा हजारांहून जास्त स्टाईली आहेत, जर्नलचं नाव टाकून बघा, बहुतेक सापडतंच. आणि खाली यादीत काही चुकलेलं दिसलं तर तिथल्या तिथे हाताने दुरुस्त करू नका, पुढच्या रिफ्रेशला ते पुसलं जातं, दुरुस्ती झोटेरोतल्या मूळ नोंदीत करायची.

आता येतो खरा भाग, नोंदी साफ करणं. सॉफ्टवेअर जिथून माहिती उचलतं तिथेच कचरा असतो, आणि गुगल स्कॉलरच्या "साईट" (दाखला देण्याच्या) बटणातून उचललं तर जरा जास्तच. लेखकाचं नाव सगळं कॅपिटलमध्ये, अंक नंबर गायब, डीओआय नाही, जर्नलचं नाव अर्धवट, हे नेहमीचं. म्हणून प्रत्येक नोंद उघडून ओळीने बघा.

शीर्षकात बघायचं कॅपिटल अक्षरं. व्हँकुव्हर आणि एपीए दोन्हीत पेपरचं शीर्षक वाक्यासारखं लिहितात, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून सगळं लहान. झोटेरोत शीर्षकावर राईट क्लिक करून सेंटेन्स केस करता येतं, पण ते यंत्र आहे, ते "नाशिक" आणि "इंडिया" पण लहान करून टाकू शकतं, वनस्पतींची शास्त्रीय नावंही. द्राक्षावर काम करणाऱ्यांनी तर हे फार जपायला हवं. विटिस विनिफेरा किंवा प्लास्मोपारा विटिकोला लिहिताना पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान, आणि दोन्ही तिरके. यादीत ते तिरकं आपोआप येत नाही, झोटेरोच्या शीर्षकात त्या नावाच्या आधी आणि नंतर इटॅलिकचा टॅग टाकावा लागतो, एकदा टाकला की कायमचं काम होतं. डाऊनी आणि भुरीवरच्या पेपरांत निम्म्या शीर्षकांत शास्त्रीय नाव असतंच, त्यामुळे अर्धा तास जातो खरा, पण रिव्ह्यूअर वनस्पतिशास्त्राचा असेल तर त्याची नजर पहिली तिथेच जाते.

मग नावं. आपल्याकडे नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन नावं, आणि कागदपत्रांवर बऱ्याचदा आडनाव आधी. परदेशी डेटाबेस शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं समजतो आणि मग वडलांच्या नावाने पेपर चढतो. देवळालीचे गणिती कापरेकर सर सगळ्यांना माहिती आहेत, शाळेत शिकवता शिकवता ६१७४ चा गुणधर्म शोधणारे. पूर्ण नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, तर व्हँकुव्हरमध्ये ते "कापरेकर डीआर" असंच यायला हवं, "रामचंद्र केडी" असं आलं तर त्या माणसाचं काम त्याच्या नावावर राहिलंच नाही. म्हणून मराठी नावाचा लेखक दिसला की मूळ पेपरचं पहिलं पान उघडा आणि झोटेरोत आडनावाच्या रकान्यात आडनाव आहे का ते बघा, ही ओळख आपल्याला जेवढी आहे तेवढी लंडनमधल्या संपादकाला नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकेचा जुना पेपर असेल तर तो जुन्याच नावाने द्यायचा, पेपरवर छापलंय तेच. आणि तुमच्या स्वतःच्या नावासाठी आत्ताच ऑर्किड आयडी काढून ठेवा, फुकट असतो, सोळा अंकी नंबर, नाव कसंही छापलं तरी काम तुमच्याच नावावर जमा होतं.

नाव-वर्षाच्या स्टाईलमध्ये आपल्या आडनावांमुळे आणखी एक भानगड होते. पाटील, जाधव, शिंदे, पवार, मोरे, महाराष्ट्रातल्या शेतीच्या पेपरात हे सगळे असणारच, आणि २०१९ मध्ये दोन वेगळ्या पाटलांचे पेपर असतील तर एपीए सांगते की मजकुरात आडनावाआधी आद्याक्षर लावा म्हणजे कळेल कोण कुठला. झोटेरो हे आपोआप करतं, पण उलटं पण करतं, म्हणजे एकाच माणसाचं नाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसऱ्या नोंदीत नुसतं आद्याक्षर असं असेल तर त्याला ती दोन माणसं वाटतात आणि उगाच आद्याक्षरं लागतात. तुमच्या मजकुरात मधेच कुठेतरी "एस. पाटील" असं दिसायला लागलं की समजा नोंदींत नाव दोन तऱ्हांनी पडलंय, दोन्ही सारखी करा, जातं ते. एकाच माणसाचे एकाच वर्षात दोन पेपर असतील तर वर्षापुढे ए आणि बी लागतं, ते मात्र बरोबर आहे, काढू नका.

जर्नलची शॉर्ट नावं मनाने करायची नाहीत. त्याला आयएसओ ४ नावाचं मानक आहे, आणि मेडिकलवाल्यांनी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये नाव टाकून बघायचं. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च म्हणजे "इंडियन जे मेड रेस", करंट सायन्स म्हणजे "कर साय". एका शब्दाचं नाव असेल तर ते कापत नाहीत, नेचर नेचरच राहतं. टिंबं द्यायची की नाही ते जर्नलवर, एएमए आणि व्हँकुव्हरमध्ये नसतात. झोटेरोच्या नोंदीत "जर्नल ॲब्रिव्हिएशन" असा वेगळा रकाना असतो, तो रिकामा राहिला तर यादीत काही नावं पूर्ण आणि काही शॉर्ट अशी खिचडी दिसते.

पानांच्या बाबतीत, आता बऱ्याच ऑनलाईन जर्नल्सना पानंच नसतात, त्याऐवजी लेख क्रमांक असतो. लोक पीडीएफवरचं "१ ते १२" बघून तेच टाकतात, ते चूक आहे, लेख क्रमांक टाकायचा. डीओआय नेहमी १० ने सुरू होतो, आणि शेवटी चुकून आलेलं टिंब किंवा स्वल्पविराम काढून टाका, त्याने लिंक तुटते. जुन्या पेपरांचे डीओआय सापडत नसतील तर क्रॉसरेफच्या साईटवर सिंपल टेक्स्ट क्वेरी म्हणून सोय आहे, अख्खी यादी तिथे पेस्ट करा, ज्यांना डीओआय आहे त्यांचे ते काढून देतं.

आता तपासणी, आणि यावर मी थोडी जास्त बोलणार आहे. प्रत्येक रेफरन्स उघडून बघायचा. प्रत्येक. दुसऱ्याच्या यादीतून कॉपी केलेला रेफरन्स म्हणजे दुसऱ्याची चूकही आपण घेतली. कापरेकर सरांचंच उदाहरण बघा. ६१७४ वरचा त्यांचा पेपर म्हणून स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या जर्नलचा खंड १५, पानं २४४-२४५, वर्ष १९५५ असा दाखला इंटरनेटवर फिरतो. आणि त्यांच्याच १९४९ च्या "अनदर सॉलिटेअर गेम" या पेपरलाही खंड १५, पानं २४४-२४५ असंच दिलेलं असतं. एकाच जर्नलच्या एकाच खंडाची तीच पानं १९४९ मध्येही आणि १९५५ मध्येही कशी असतील? असा ताळा बसला नाही की तिथेच थांबायचं आणि मूळ अंकाचं स्कॅन मिळवायचं, लायब्ररीत विचारायचं, मागवून घ्यायचं, पण न बघता यादीत टाकायचं नाही. वर्ष आणि खंड यांचा ताळा ही सगळ्यात सोपी चाळणी आहे, त्याच जर्नलचे दोन-तीन रेफरन्स यादीत असतील तर वर्ष वाढताना खंडही वाढतोय का एवढं नुसतं नजरेने बघितलं तरी बऱ्याच चुका पकडल्या जातात.

चॅटजीपीटी किंवा तसल्या कुठल्याही टूलला "मला या विषयावर दहा रेफरन्स दे" असं सांगू नका. ते इतके खरे दिसणारे रेफरन्स बनवतं की लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष शक्य कोटीतलं, आणि पेपर मात्र अस्तित्वातच नाही. डीओआय टाकला की एकतर काही उघडत नाही किंवा भलताच पेपर उघडतो. मुलं म्हणतात मॅडम फक्त फॉरमॅट करून घेतलं, पण फॉरमॅट करतानाही ते मधेच एखादा आकडा किंवा लेखक बदलून टाकू शकतं, म्हणून फॉरमॅटिंगसाठी झोटेरोच वापरा, ते मनाचं काही घालत नाही.

मागे घेतलेले पेपर, म्हणजे रिट्रॅक्टेड, हेही बघायला हवं. झोटेरो २०१९ पासून रिट्रॅक्शन वॉचच्या यादीशी तुमच्या नोंदी ताडून बघतं आणि असा पेपर असला तर लाल पट्टी दाखवतं. पट्टी दिसली तर तो काढा, किंवा रिट्रॅक्शनबद्दलच लिहीत असाल तर तसं स्पष्ट म्हणा. प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूआधीच ऑनलाईन टाकलेला पेपर, दिला असेल तर तो आता जर्नलमध्ये छापून आलाय का बघा, आला असेल तर छापलेला द्या.

थोडं वेगळ्या प्रकारच्या सोर्सबद्दल, कारण नाशिकच्या कामात ते हमखास येतात. शेतकऱ्यांसाठीची मराठी पुस्तिका इंग्रजी पेपरात द्यायची असेल तर एपीएमध्ये मूळ मराठी शीर्षक रोमन लिपीत आणि लगेच चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ, व्हँकुव्हरमध्ये शीर्षकाचा इंग्रजी अर्थ चौकोनी कंसात आणि शेवटी भाषा मराठी असं लिहायचं. मराठी सोर्स आहे म्हणून लपवू नका, माहिती तिथून घेतलीय तर तो तिथे असायलाच हवा. जिल्ह्याचा इतिहास, जुनी पिकं, पाऊसपाणी यासाठी बरेच जण बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटिअरचा नाशिकचा खंड वापरतात, तो सोळावा, १८८३ चा. तुम्ही मूळ प्रत बघितली की नंतरची पुनर्मुद्रित की ऑनलाईन, जी बघितली तीच लिहा, वर्ष आणि प्रकाशकासकट. थीसिस शोधगंगेवरून, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या थीसिसच्या ऑनलाईन साठ्यातून, घेतला असेल तर विद्यापीठ, पदवी, वर्ष आणि शोधगंगेची कायमची लिंक द्या, पण त्यातलंच काम पुढे पेपर म्हणून छापलं असेल तर पेपर द्यावा हे बरं. हवामान खात्याचा किंवा सरकारी पोर्टलचा डेटा घेतला तर संस्थेचं नाव लेखकाच्या जागी आणि ज्या दिवशी बघितला ती तारीख, कारण ती पानं बदलतात. आर नावाचं सॉफ्टवेअर वापरून स्टॅटिस्टिक्स केलं असेल तर आरमध्येच सायटेशनची कमांड आहे, ती दिली की काय लिहायचं ते तेच सांगतं.

आणि बागायतदाराने बांधावर उभं राहून सांगितलेली माहिती? ती रेफरन्सच्या यादीत जात नाही. मजकुरातच कंसात नाव, "पर्सनल कम्युनिकेशन" आणि तारीख, आणि त्या माणसाची लेखी परवानगी घेऊन ठेवायची, मेडिकल जर्नल्स तर ती मागतातच. शक्य असेल तर छापलेला सोर्स शोधा, पण पर्यायच नसेल तर त्या माणसाचं श्रेय द्या, "स्थानिक शेतकऱ्यांच्या मते" असं म्हणून मोकळं होऊ नका.

दाखला वाक्यात कुठे ठेवायचा यावरही लक्ष द्या. ज्या दाव्याचा दाखला त्याच्या लगेच पुढे, परिच्छेदाच्या शेवटी आठ नंबरांची माळ नको, वाचणाऱ्याला कळतच नाही कुठलं कोणाचं. रिव्ह्यू पेपरमधून मूळ कामाची माहिती घेतली असेल तर मूळ पेपर मिळवून वाचा आणि तो द्या. नंबर पूर्णविरामाच्या आधी की नंतर हे जर्नलच्या छापलेल्या पेपरात बघून ठरवा. आणि एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, नंबरवाल्या स्टाईलमध्ये जो रेफरन्स फक्त टेबलमध्ये किंवा आकृतीखाली आहे त्याचा नंबर ते टेबल मजकुरात पहिल्यांदा जिथे उल्लेखलंय त्या जागेनुसार लागतो. तुमची टेबलं फाईलच्या शेवटी असतील तर सॉफ्टवेअर त्यांना शेवटचे नंबर देतं. त्यामुळे टेबलं शेवटी हलवायच्या आधी नंबर बघून घ्या, आणि जमलं तर तोच रेफरन्स टेबलच्या उल्लेखाजवळ मजकुरातही एकदा द्या, प्रश्नच मिटतो.

सबमिट करायच्या आधी झोटेरोतल्या डुप्लिकेट आयटम्समध्ये जाऊन एकच पेपर दोनदा आलाय का बघा आणि एकत्र करा, पण सायटेशन घालून झाल्यावर एक नोंद डिलीट करू नका, मर्जच करा, नाहीतर वर्डमधली जोडणी तुटते. मग फाईलची कॉपी करा, मूळ फाईल तशीच जपून ठेवा, आणि कॉपीत अनलिंक सायटेशन्स करा म्हणजे ते साधं टेक्स्ट होतं आणि जर्नलच्या सिस्टीमवर चढवताना गडबड होत नाही. मूळ फाईल टाकून देऊ नका, रिव्हिजन आलं की तिच्यातच काम करायचंय. कॉपीची प्रिंट काढा, हो, कागदावरच, आणि शेजारी कोणीतरी बसवा, एकाने मजकुरातला नंबर वाचायचा आणि दुसऱ्याने यादीत टिक करायची. मजकुरात आहे पण यादीत नाही, यादीत आहे पण मजकुरात नाही, दोन्ही प्रकार अशानेच सापडतात.

पेपर स्वीकारला गेला की काही आठवड्यांनी प्रूफ येतं आणि त्यासोबत ऑथर क्वेरीज, त्यात रेफरन्सवरचेच प्रश्न जास्त असतात, चौदा नंबरला पानं नाहीत, बावीस नंबर मजकुरात कुठे आहे, असे. उत्तर द्यायला बहुतेक दोन-तीनच दिवस देतात. तेव्हा झोटेरोची लायब्ररी आणि उतरवलेले पीडीएफ हाताशी ठेवा, प्रत्येक प्रश्नाला मूळ पेपर उघडून उत्तर द्या, आणि प्रूफमध्ये प्रत्येक रेफरन्सची निळी लिंक दाबून ती योग्य पेपरवरच जाते का तेही बघा, कारण एकदा छापून आल्यावर दुरुस्तीसाठी वेगळं करेक्शन छापून आणावं लागतं.